‘झड’ परत मिळवून देणाऱ्या तुम्हांस, अनावृत आभारपत्र

खानापूर तालुका, जिल्हा बेळगाव

स. न. वि. वि.

तुमचे नाव या पत्रात येऊ नये, अशी अट तुम्ही घातलीत आणि ती मी पाळते आहे. परंतु आभार मनातल्या मनातच ठेवावेत, ही तुमची दुसरी अट मला मान्य नाही. माझ्या यजमानांच्या संगणकातील सुमारे साडेतीन हजार पत्रे तुम्ही पुन्हा वाचण्याजोगी करून दिलीत. हे काम किती बारीक होते, हे मला शेजारी बसून पाहायला मिळाले. आपल्या सीमाभागात अशीच जुनी ईमेल अनेकांच्या घरी पडून असणार, त्यांनाही ते कळावे, म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे.

यजमान डाकघरातून निवृत्त झाल्यावर २००५ पासून २०१३ पर्यंत, म्हणजे जवळजवळ शेवटच्या आजारापर्यंत, बोलीतले शब्द जमवत होते. खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी आणि पलीकडे चंदगड, एवढ्या मुलखातली माणसे त्यांना शब्द कळवत. तूप, अडकित्ता, अक्का हे शब्द कन्नडमधून मराठीत आले, हे पुस्तकात वाचायला मिळते. पण आमच्या गल्लीत, शेतात आणि बाजारात रोज किती शब्द या बाजूचे त्या बाजूला जातात, ते कोणी तरी टिपून ठेवले पाहिजे, असा त्यांचा ध्यास होता. पत्र सांगणारा एक असे आणि सायबर कॅफेत बसून टंकणारा त्याचा मुलगा किंवा नातू असे. ही सर्व पत्रे थंडरबर्ड या ईमेलच्या प्रोग्रॅममध्ये, त्यांच्याच संगणकावरील फोल्डरमध्ये साठवलेली होती.

ते गेल्यानंतर मी ती उघडली, तेव्हा निम्म्याहून अधिक पत्रांत एकही मराठी अक्षर दिसले नाही. यजमान प्रत्येक पत्र उघडून मेनूतून अक्षरसंच, म्हणजे साठवलेले बाइट कोणत्या अक्षरांत दाखवायचे तो तक्ता, बदलत आणि मग वाचत, हे मला पुढे कळले. तो बदल त्या वेळच्या दिसण्यापुरताच असे, त्यामुळे शोधाच्या चौकटीत एखादा शब्द घातला तर काहीही सापडत नसे. प्रथम ज्यांना संगणक दाखवला, त्यांनी फाइली खराब झाल्या आहेत, पुसून टाका, असे सांगितले. तो संगणक मी परत घरी आणला आणि कपड्यात गुंडाळून कपाटात ठेवला.

तुम्ही आलात, खुर्ची ओढून बसलात आणि ‘नोडोण, मावशी’ (बघूया, मावशी) एवढेच तुमच्या कन्नडमध्ये म्हणालात. मग बराच वेळ तुम्ही नुसते पाहत होतात. पडद्यावर डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए पुन्हा पुन्हा येत होता आणि त्याच्या पाठोपाठ कधी चार कोपऱ्यांना चार रेघा असलेले वर्तुळ, तर कधी जपानी येनचे चिन्ह दिसत होते. मला तो कचरा वाटत होता. तुम्ही सांगितलेत, की यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक वर्ण तीन बाइटांत साठवला जातो. त्यातला पहिला बाइट नेहमी एकच असतो, तोच हा तिरक्या रेघेचा ए. दुसरा बाइट दोनांपैकी एक असतो. सर्व व्यंजने, आकार आणि ऱ्हस्व इकार असला तर ते वर्तुळ, आणि दीर्घ ईकार, उकार, एकार, ओकार किंवा हलन्त असला तर येन. म्हणजे मराठी शाबूत होती. ‘हे पाश्चात्त्य अक्षरसंचातले आहे’ अशी चुकीची चिठ्ठी तेवढी तिच्यावर चिकटली होती. त्याच फोल्डरमधील काही पत्रांत मात्र तिरक्या ए नंतर ओळीच्या वर उचललेला बारीक दोन किंवा तीन हा आकडा येत होता. ते पाहताच तुम्ही हसलात आणि म्हणालात, ‘ही आमची.’ कन्नडचा दुसरा बाइट तसा दिसतो. अक्षर एकही वाचता येत नसताना कोणते पत्र मराठी आणि कोणते कन्नड, हे तुम्ही त्या कचऱ्यातून निवडून दाखवलेत, तो क्षण मी विसरणार नाही.

तुम्ही कशालाही हात लावण्यापूर्वी थंडरबर्ड बंद केलात आणि संपूर्ण साठ्याच्या दोन प्रती काढल्यात. एक पेनड्राइव्हवर माझ्या कपाटात ठेवायला दिलीत आणि तिच्यात कधीही बदल करायचा नाही, असे बजावलेत. पत्राचा मजकूर एका बाइटाने जरी बदलला, तरी पाठवणाऱ्या सर्व्हरने त्यावर केलेली डिजिटल सही जुळेनाशी होते, म्हणून मूळ पत्र मूळच राहिले पाहिजे, हे त्यामागचे कारण मला पटले. सर्व्हरवर असलेले पत्र जागच्या जागी बदलता येत नाही, तेथे नवी प्रत चढवून जुनी काढावी लागते. आपली पत्रे घरच्या संगणकावर होती, म्हणूनच हे शक्य झाले, असेही तुम्ही म्हणालात. एका फोल्डरमधील शेकडो पत्रे प्रत्यक्षात एकाच लांबलचक फाइलीत एकाखाली एक लिहिलेली असतात आणि ‘फ्रॉम’ या शब्दाने सुरू होणारी एक ओळ दोन पत्रांमधली सीमा दाखवते, हे पाहून मला आमच्या डाकघरातील नोंदवहीची आठवण झाली. या फाइलीशेजारी अनुक्रमणिकेची दुसरी लहान फाइल असते. कोणते पत्र कितव्या बाइटापासून सुरू होते, हे तिच्यात लिहिलेले असते. मोठ्या फाइलीत एक शब्द लांबला, की पुढची सगळी स्थाने सरकतात आणि एका पत्रावर टिचकी मारली तर दुसऱ्याच पत्राचा मधला भाग उघडतो. म्हणून बदल झाल्यावर तुम्ही जुनी अनुक्रमणिका काढून टाकलीत आणि थंडरबर्डला ती नव्याने बांधू दिलीत. यजमानांनी काही पत्रांना लावलेला तारा त्यामुळे जाईल, अशी मला धास्ती होती. पण त्या खुणा प्रत्येक पत्राच्या हेडरमध्येच, म्हणजे मजकुराच्या आधी येणाऱ्या माहितीच्या ओळींतच, नोंदलेल्या असल्याने सगळे तारे जागच्या जागी परत आले.

पहिल्या गटातील पत्रांना, म्हणजे ज्यांची केवळ चिठ्ठी चुकली होती त्यांना, तुमच्या पायथन या संगणकभाषेतील प्रोग्रॅमने फार वेळ लावला नाही. तरीही तुमची सावधगिरी मला सांगितलीच पाहिजे. मजकुराचे बाइट काटेकोरपणे यूटीएफ-८ म्हणून वाचता येतात का आणि त्यांत देवनागरी किंवा कन्नड सापडते का, हे पाहिल्याशिवाय तुम्ही एकाही पत्राची चिठ्ठी बदलली नाहीत. एका पत्रात साधा मजकूर आणि सजवलेला मजकूर असे दोन भाग असतील, तर दोन्हींच्या चिठ्ठ्या वेगवेगळ्या तपासल्यात आणि जोडलेल्या छायाचित्रांना स्पर्श केला नाहीत. तयार साधनाने संपूर्ण पत्र उलगडून पुन्हा लिहिले, तर हेडरच्या ओळींच्या घड्या बदलू शकतात, म्हणून तुम्ही कच्च्या बाइटांवरच काम केलेत आणि तेवढाच एक शब्द बदललात. शिवाय प्रत्येक बदललेल्या पत्राच्या हेडरमध्ये, काय बदलले आणि कोणत्या दिवशी, याची एक ओळ घातलीत.

विषयांच्या ओळींचे दुखणे निराळे होते. तेथे इंग्रजीखेरीज अक्षरे तुकड्यांत बांधून पाठवण्याचा आजचा नियम १९९६ चा आहे आणि एक तुकडा ७५ चिन्हांहून मोठा असू नये, असे तो सांगतो. म्हणजे एका तुकड्यात देवनागरीचे जेमतेम १५ वर्ण मावतात. अक्षर मध्येच तोडू नये, असेही नियमात आहे, पण काही पत्रे पाठवणाऱ्या प्रोग्रॅमने ते पाळले नव्हते. तुम्ही तुकडे आधी जोडलेत, मग उलगडलेत आणि पुन्हा नीट बांधलेत.

खरे कष्ट दुसऱ्या गटात पडले. ही सुमारे दोनशे पत्रे मधल्या एका जुन्या व्यवस्थेतून पुढे पाठवली गेली होती आणि तेथे तो कचराच खरा मजकूर समजून पुन्हा यूटीएफ-८ मध्ये लिहिला गेला होता. उलट मार्गाने जायला हवे, हे तुम्ही लगेच सांगितलेत; पण त्या मार्गात पाच खड्डे होते. विंडोजच्या त्या पाश्चात्त्य अक्षरसंचात ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी ही पाच स्थाने रिकामी आहेत, आणि पायथन तेथे पोहोचला की चूक दाखवून थांबतो. नेमके त्याच स्थानांवर आपला ऱ्हस्व उकार, हलन्त, ए, ऐ आणि झ येतात. जेथे ते बाइट अदृश्य खुणा होऊन टिकले होते, तेथे तुम्ही स्वतंत्र तक्ता लिहून ते पलीकडे नेलेत. जेथे ते गळून पडले होते, तेथे तुमच्या प्रोग्रॅमने एक रिकामा चौकोन ठेवला. ठ ची गोष्ट आणखी वेगळी. त्याचा तिसरा बाइट म्हणजे त्या अक्षरसंचातली न तुटणारी मोकळी जागा. वाटेत तिची साधी मोकळी जागा झाली होती. त्यामुळे दोनशे पत्रांत ‘मराठी’ हाच शब्द कोठेही अखंड उरला नव्हता. तिरका ए आणि वर्तुळ यांच्यानंतर मोकळी जागा येऊच शकत नाही, तेथे ठ च असणार, हे तुम्ही ओळखलेत आणि एका झटक्यात सगळे ठ परत आले.

त्यानंतर दर गुरुवारी संध्याकाळी तुम्ही येत होतात आणि आपण चौकोन भरत होतो. कणकुंबीकडच्या एका शेतकऱ्याचे पत्र माझ्या डोळ्यांसमोर आहे. ठ परत आल्यावरही त्याची ओळ ‘आठ दिवस’ येथवर सरळ होती, मग एक चौकोन, मग ‘ड लागली हाय’. मलप्रभेच्या उगमाकडचा पाऊस ज्याने पाहिला आहे, त्याला तेथे काय हवे हे सांगावे लागत नाही. मी ‘झड’ म्हटले, तुम्ही झ टंकलात आणि पुढचे वाक्य मी मोठ्याने वाचले: ‘इरलं घेतल्याबिगार गोठ्यात जाता येईना.’ येनच्या चिन्हानंतरचा बाइट हरवला असला, की तो उकार होता की हलन्त, हे यंत्राला कळत नाही. ‘पुढे’सारखा शब्द सहज सुटतो, परंतु एका भजनी मंडळाच्या पत्रात ‘स्मरण’ की ‘सुमरण’ हा प्रश्न उभा राहिला. शिक्षिका म्हणून मी चटकन ‘स्मरण’ म्हणाले. तुम्ही थांबलात आणि विचारलेत, ‘मावशी, ते लोक कसे म्हणतात?’ आपण त्याच मंडळाची दुसरी पत्रे काढली, त्यांत ‘सुमरण’ अखंड सापडले आणि तेच येथे घातले. जेथे असा आधार मिळाला नाही, ते चौकोन आपण तसेच ठेवले आहेत.

याच ओघात माझी एक चूक तुम्ही थांबवलीत, तीही येथे नोंदवते. मी चाळीस वर्षे मराठी शिकवली, त्यामुळे हाती प्रोग्रॅम आलाच आहे तर सगळ्या पत्रांचे शुद्धलेखनही सुधारावे, आणि जिल्ह्याचे नाव १ नोव्हेंबर २०१४ रोजी सरकारी कागदोपत्री बेळगावी झाले असल्याने पत्त्यांतही ते एकसारखे करावे, असे मी सुचवले होते. साडेतीन हजार पत्रांत एका आज्ञेने ते झाले असते. तुम्ही मला एवढेच विचारलेत, की काकांनी हे शब्द कशासाठी जमवले. बोलीत ज्याने जसे लिहिले तसे टिपण्यासाठी, हे उत्तर मीच दिले आणि मीच गप्प झाले. पाकिटावरचा बिघाड दुरुस्त करायचा, आतल्या माणसाचे बोलणे नाही, अशी रेघ तुम्ही त्या दिवशी आखून दिलीत आणि शेवटपर्यंत पाळलीत. जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेली काही पत्रे तुम्ही हातही न लावता वेगळी ठेवलीत, कारण त्या फॉन्टचा खात्रीचा तक्ता तुमच्याजवळ नव्हता.

आणखी एक प्रसंग आहे. यजमानांनी काढून टाकलेली पत्रे फाइलीत तशीच पडून होती, कारण फोल्डर आटोपशीर करण्याची आज्ञा त्यांनी कधी दिलीच नव्हती. हेडरमधील स्थितीच्या आकड्यात काढून टाकल्याची खूण तेवढी होती. तो आकडा बदलला, की पत्र पुन्हा दिसू लागते. तशी अकरा पत्रे तुम्हांला सापडली. तुम्ही ती न वाचता मला सांगितलेत, की काकांनी स्वतः काढलेली पत्रे परत आणायची की नाही, हे तुम्हीच ठरवा, आणि बाहेर ओसरीवर जाऊन बसलात. त्यांतील दहा मी परत आणली. अकरावे आहे तेथेच आहे. तुमच्या त्या बाहेर जाऊन बसण्याबद्दल वेगळे आभार मानते.

आता शोधाच्या चौकटीत ‘झड’ लिहिले की चौदा पत्रे येतात. कन्नड पत्रे तुम्ही अजून मला वाचून दाखवत आहात. गेल्या गुरुवारी निघालेल्या पत्रात एका वाचकाने यजमानांना कळवले होते, की तुम्ही ज्याला झड म्हणता, त्याला आम्ही ‘जडिमळे’ म्हणतो, हे तुमच्या वहीत शेजारी शेजारी लिहा. पत्र २०१३ च्या पावसाळ्यातले आहे आणि त्याला उत्तर गेल्याची नोंद नाही. वहीत तो शब्द मी लिहिला आहे. उत्तर कन्नडमध्ये जायला हवे, म्हणून येत्या गुरुवारी थोडे लवकर यावे, ही विनंती.

तुमची,
मावशी