कचरा डेपोची जागा नकाशा पाहून ठरवावी

महोदय,

कोल्हापुरात कचरा डेपोच्या नव्या जागेचा विषय निघाला की चर्चा गायरान कुठे मोकळे आहे आणि कोणते गाव विरोध करणार नाही, एवढ्यावरच थांबते. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांत मात्र नदीपासून १०० मीटर, तळी, वस्ती, महामार्ग व पिण्याच्या पाण्याच्या विहिरींपासून २०० मीटर, तर विमानतळापासून २० किलोमीटर अंतर सांगितले होते आणि गेल्या १०० वर्षांतील पूरक्षेत्रही वर्ज्य होते. संगणकावर नकाशे तयार करणाऱ्या भौगोलिक माहिती प्रणालीत यातील प्रत्येक अट नकाशाचा एकेक थर होते आणि थर एकमेकांवर ठेवले की अपात्र जमीन आपोआप गळते. उजळाईवाडीच्या विमानतळाच्या धावपट्टीभोवती २० किलोमीटरचे वर्तुळ काढून पाहावे. अख्खे शहर आणि कागलही त्यात सापडते! (१० ते २० किलोमीटरमध्ये विशेष बाब म्हणून ना-हरकत दाखला घेण्याची त्या नियमांतली पळवाट सोयीची खरी.) पंचगंगेची २०१९ आणि २०२१ ची पूररेषा, पन्हाळ्याकडचा पाणी झिरपू देणारा जांभा, घंटागाड्यांचे अंतर हे थर त्यानंतरचे. असे नकाशे बनवणारे क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर मोफत मिळते, त्यामुळे खर्चाची सबब टिकत नाही. प्रशासनाने असा नकाशा तयार करून, जागांची तुलना करताना कोणत्या निकषाला किती गुण दिले यासह, जागा निश्चित होण्यापूर्वी हरकतींसाठी खुला करावा.

– एक वाचक, कोल्हापूर