वाऱ्याच्या बाजूला उभे राहिलेल्या दादांना

प्रिय दादा,
सा. नमस्कार.

हे पत्र मी तुम्हाला एकट्यालाही पाठवू शकले असते. पण तुम्ही ते वाचून, घडी घालून कपाटात ठेवून दिलं असतंत आणि घरात कुणाला दाखवलंही नसतंत. म्हणून चारचौघांसमोर लिहिते आहे. नाव घालत नाही. तेवढं तुमचं ऐकते.

गेल्या आठवड्यात, आर्क्टिकमध्ये आपण उडवलेल्या ड्रोनच्या पोटाखालच्या कॅमेऱ्याची छायाचित्रं क्रमाने लावत होते. खाली बर्फ किती, उघडा खडक किती याची नोंद राहावी म्हणून तो कॅमेरा बसवला होता, तुम्हाला आठवत असेल. प्रत्येक उड्डाणाच्या सुरुवातीच्या चित्रांत पांढऱ्यावर दोन ठिपके दिसतात. एक मी, एक तुम्ही. शेजारच्या पडद्यावर वाऱ्याच्या दिशेचा आलेख उघडा होता. वारा आग्नेयेकडून होता त्या दिवशी तुम्ही माझ्या आग्नेयेला उभे आहात. वायव्येकडून होता त्या दिवशी वायव्येला. एका उड्डाणात वारा मध्येच फिरला, तर पुढच्या चित्रांत तुम्हीही फिरलेले आहात, चार पावलं चालून बरोबर वाऱ्याच्या तोंडाशी आलेले.

मग मी सगळी उड्डाणं उघडून पाहिली. सगळीकडे तेच. मला इतके दिवस वाटत होतं की ती तुमची पहाऱ्याची जागा आहे, तिथून दूरवरचं चांगलं दिसत असेल. तुम्ही माझ्या हातांवरचा वारा अडवत होतात, हे तुम्ही एकदाही बोलला नाहीत आणि तिथे असताना माझ्या ध्यानातही आलं नाही. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

वाचणाऱ्यांना याचं मोल कळावं म्हणून थोडं सांगायला हवं. नी-ऑलेसुंड हे नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहातलं छोटंसं गाव, जवळजवळ ७९ अंश उत्तरेला. पूर्वी तिथे कोळशाची खाण होती. १९६२ साली खाणीत स्फोट होऊन २१ माणसं गेली आणि पुढच्या वर्षी ती कायमची बंद झाली. आता तिथे निरनिराळ्या देशांचे संशोधक राहतात. भारताचं हिमाद्री संशोधन केंद्रही २००८ पासून तिथेच आहे. वस्तीबाहेर पाऊल टाकायचं तर अस्वलांपासून संरक्षणासाठी बंदूक आणि प्रकाशगोळा उडवायचं पिस्तूल जवळ लागतं, आणि ते चालवायचं प्रशिक्षणही घ्यावं लागतं. दोघं मिळून काम करत असतील, तर एकाची नजर कामावर असते आणि दुसऱ्याची आजूबाजूच्या बर्फावर.

ड्रोन उडवणाऱ्याची अडचण वेगळीच असते. जाड हातमोजे घातले तर नियंत्रकाच्या दांड्या कळत नाहीत. अंगठा मिलिमीटरभर हलला तरी वर ड्रोन मीटरभर सरकतो. म्हणून पातळ मोजे घालावे लागतात. तापमान उणे १८ असेल आणि वारा ताशी २५ किलोमीटरचा असेल, तर उघड्या कातडीला ते उणे २९ सारखं लागतं. अशा हवेत काही मिनिटांत बोटांची जाणीव जायला लागते. आधी टोचतं, मग दुखतं, आणि दुखायचं थांबलं की खरी भीती वाटते, कारण मग अंगठा दांडीवर आहे की नाही हे डोळ्यांनी पाहावं लागतं, आणि डोळे तर आकाशात हवे असतात.

तुम्ही बाहेरच्या बाजूला तोंड करून उभे असायचात, पहाराच होता तो. म्हणजे तो वारा सगळा तुमच्या तोंडावर. मी तुमच्या पाठीच्या आडोशाला.

दादा, हे मला इतकं का लागलं ते सांगते. तुम्हाला मी हे कधी सांगितलं नव्हतं. आर्क्टिकला येण्याआधी हीच उपकरणं घेऊन आम्ही हिवाळ्यात स्पीतीला गेलो होतो. माझ्याबरोबर निरीक्षक म्हणून ज्यांना दिलं होतं, ते पहिल्याच सकाळी हीटर लावलेल्या गाडीत जाऊन बसले आणि काच खाली करून म्हणाले, "तुझं झालं की सांग." मी एकटी उभी राहून ड्रोन उडवला, उतरवला, आणि मग कितीतरी वेळ मला साधी पेटीची कडी लावता येईना. ते गाडीतून बघत होते. परतल्यावर बैठकीत त्यांनीच सांगितलं की ही पद्धत प्रत्यक्ष कामात टिकत नाही. ज्यांनी ड्रोन दिला, त्यांना आम्ही लेखी कळवलं होतं की रेडिओ कुठल्या कंप्रतेवर (फ्रिक्वेन्सीवर) चालायला हवा. त्यांनी नेहमीचाच संच पाठवला आणि पैसे मिळाल्यावर फोन उचलायचं सोडून दिलं. एका ज्येष्ठांनी तर माझ्या तोंडावर म्हटलं होतं की असली खेळणी उडवायला उत्तर ध्रुवापाशी कशाला जायचं. हे सगळे शिकलेले, अनुभवी, मोठ्या पदांवरचे लोक आहेत. एकालाही चार पावलं बाजूला सरकून उभं राहावंसं वाटलं नाही.

त्या रेडिओचंच घ्या. नी-ऑलेसुंडमध्ये वाय-फाय नाही, ब्लूटूथ नाही. गावाबाहेरच्या वेधशाळेच्या अँटेना अब्जावधी प्रकाशवर्षांवरच्या क्वेसारांकडून, म्हणजे फार दूरच्या आकाशगंगांच्या तेजस्वी केंद्रांकडून, येणारे अगदी क्षीण रेडिओ संकेत टिपतात, आणि त्यांवरून पृथ्वीचं फिरणं आणि खंडांचं सरकणं मोजलं जातं. वीस किलोमीटरच्या परिसरात २ ते ३२ गिगाहर्ट्झमधलं काहीही विनापरवाना चालू करता येत नाही. बाजारात मिळणारे बहुतेक ड्रोन नेमके त्यातच बोलतात. आलेला संच पाहून मी पेटीवर डोकं टेकून बसले होते. तुम्ही एवढंच विचारलंत, "खालच्या कंप्रतेचो संच असा मा आपल्याकडे?" होता, सुटा. रात्री जेवणं आटोपल्यावर तुम्ही सोल्डरिंग आयर्न तापवलंत. तुमचं ते काम नव्हतं. केंद्राचं हीटिंग, पाणी, वीज सांभाळून तुम्ही दमलेले होतात.

तुम्हाला एकदा जेवताना मी म्हटलं होतं की हे मोजमाप झाल्यावर नीट समजावून सांगेन. ते राहूनच गेलं, आता सांगते. जर्मन-फ्रेंच केंद्रातून रोज जो फुगा सुटतो, तो सेकंदाला साधारण पाच मीटर वर चढतो. म्हणजे जमिनीलगतचे पहिले दोनशे मीटर तो चाळीस सेकंदांत ओलांडून जातो. झेपेलिन डोंगरावरची वेधशाळा ४७४ मीटरवर आहे, तिला त्या एकाच उंचीवरचं कळतं. आणि खरी गंमत तर मधल्या त्या दोनशे मीटरांतच आहे. आकाश निरभ्र असलं की बर्फ आपली उष्णता वर सोडून देतो, तळाची हवा गारठते आणि तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसतं. आपण मोजलं त्यात शंभर-दीडशे मीटरवरची हवा तुमच्या बुटांजवळच्या हवेपेक्षा काही अंशांनी उबदार निघाली. उष्णता अशी तळाशीच कोंडून राहते, आणि आर्क्टिक इतक्या वेगाने तापण्याचं हे एक कारण आहे. १९७९ पासून तो प्रदेश पृथ्वीच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला आहे. हिवाळ्याच्या अखेरीला युरोप-आशियातून येणारा धूर, काजळी, धुळीचे कण याच थरांमध्ये अडकतात. ते नेमके कुठल्या उंचीवर आहेत हे सावकाश चढणारा, हवा तिथे थांबणारा ड्रोन नीट सांगू शकतो.

"आपल्याक ह्याचां काय?" असं तुम्ही विचारलं होतंत, आणि खरंखुरं विचारलं होतंत. आर्क्टिकमधल्या कारा समुद्रातला उन्हाळी बर्फ घटतो त्या वर्षांत आपल्याकडे पावसाळ्याच्या शेवटी, सप्टेंबरात, अतिवृष्टी वाढते, असा संभाव्य संबंध गोव्यातल्या ध्रुवीय संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये मांडला. भात कापणीला आलेलं असताना कोसळणारा पाऊस तुम्हाला मी काय सांगणार.

आता त्या दिवसाबद्दल. हवा स्वच्छ होती, ड्रोन वर होता, आणि फियोर्डच्या, म्हणजे डोंगरांमध्ये शिरलेल्या खाडीच्या, उघड्या पाण्याकडून ढगाचा एक खालचा पट्टा आमच्या अंदाजापेक्षा लवकर आत आला. असल्या ढगात पाणी शून्याखाली जाऊनही द्रवच राहतं आणि पंख्याच्या पात्याला लागताक्षणी त्याचा बर्फ होतो. मिनिटभरात पाती जड होतात, आकार बिघडतो, मोटर दुप्पट वीज ओढायला लागते. पडद्यावर विजेचा आकडा चढताना दिसत होता आणि ड्रोन खाली येताना डगमगत होता. त्यातच तुमच्या हालचालीवरून मला कळलं की तुम्हाला दूर काहीतरी दिसलंय. तुम्ही दुर्बीण डोळ्याला लावलीत. माझं सगळं अंग मागे वळू पाहत होतं. तेव्हा तुम्ही मान न वळवता म्हणालात, "मागचां माझ्यार सोड. तू वयर बघ गो."

मी वर पाहिलं. ड्रोन उतरवला. पात्यांच्या पुढच्या कडेवर काचेसारखा बर्फ चढला होता. दूरचं ते रेनडिअर निघालं. पण ते रेनडिअर आहे हे तुम्हाला पक्कं कळेपर्यंत तुम्ही माझ्या आणि त्याच्या मध्ये उभे होतात, आणि त्या दिवसाच्या चित्रांतही, मी तपासून पाहिलं, वाऱ्याच्याच बाजूला होतात.

माणसाला असं उभं राहायला कोण शिकवतं, याचा मी हल्ली खूप विचार करते. कुठल्या सूचनापुस्तकात ते नाही. तुमच्या कामाच्या करारात नाही. तुम्ही नसता राहिलात उभे, तर कुणी तुम्हाला काही म्हटलं नसतं. गावात त्या उंच लोखंडी मनोऱ्यापाशी आपण एका रविवारी गेलो होतो ना, १९२६ च्या मे महिन्यात आलेलं 'नोर्गे' हे वायूच्या फुग्याचं हवाईजहाज बांधायला उभारलेल्या त्या? तिथून आमुंडसेन, नोबिले आणि एल्सवर्थ ध्रुवावरून अलास्काला गेले, हे सगळ्या पुस्तकांत आहे. पण तो मनोरा उभा करायला आदल्या हिवाळ्यात काही कामगार तिथे अंधारात राहिले होते, आणि जहाज खाली ओढायला, धरून ठेवायला बर्फात माणसं दोर धरून उभी होती. त्यांची नावं किती जणांना ठाऊक आहेत? तुम्ही मनोऱ्याचे नटबोल्ट बघत होतात आणि म्हणालात, काम चांगलं केलंय. तुम्हाला ते आधी दिसलं.

आणि त्या गावाची ती रीत, दारांना कुलूप न लावण्याची. अस्वल आलं तर कुणालाही कुठल्याही घरात शिरता यावं म्हणून. पहिल्या दिवशी ते ऐकून मला नवल वाटलं होतं. तुम्हाला वाटलं नाही. आमच्या वाडीत पण असंच असायचं, म्हणालात. भल्या माणसांची ओळख मला आता तिथे पटते: ती दार उघडं ठेवतात आणि त्याचा उच्चार करत नाहीत. मी अशी माणसं फार पाहिलेली नाहीत. ज्यांच्याकडून अपेक्षा केली होती त्यांच्याकडून तर नाहीच. म्हणून तुमच्यासारखं कुणी भेटलं की ते मोठ्याने सांगायला हवं असं मला वाटतं, तुम्हाला अवघडल्यासारखं झालं तरी.

अजून एक. पहाऱ्यावरच्या माणसाला ड्रोनकडे बघता येत नाही. उड्डाणाच्या वेळी गावातलं कुणी ना कुणी दुरून बघायला थांबायचं, स्वयंपाकघरातले लोकसुद्धा खिडकीशी यायचे. तुम्ही मात्र आपण केलेलं एकही उड्डाण वर मान करून पाहिलेलं नाही, हेही मला त्या चित्रांवरूनच समजलं. सगळ्यांत तुमचा चेहरा बाहेरच्या बाजूला आहे. म्हणून एक पेन ड्राइव्ह कुरियरने पाठवला आहे. तुमच्या गावात नेटवर्क नसतं, त्यामुळे दुव्यावर अवलंबून राहिले नाही. त्यात खालून केलेलं चित्रीकरण आहे, नी-ऑलेसुंडमधल्या मैत्रिणीने केलेलं. तिसरी फाईल आधी उघडा. तिच्यात ड्रोन धुक्याच्या थरातून वर निघतो आणि मागच्या डोंगरावर ऊन आलेलं आहे. तुम्ही सोल्डर केलेली अँटेनासुद्धा त्यात स्पष्ट दिसते.

शोधनिबंधाचा मसुदा तयार होतो आहे. शेवटी आभाराच्या दोन ओळींत तुम्हाला बसवायला मी तयार नाही. तुम्ही संच जोडलात, बॅटऱ्या गरम राखल्यात, उड्डाणाच्या नोंदी पेन्सिलने लिहिल्यात, आणि तुम्ही नसतात तर त्या मोजमापातलं निम्मं झालंच नसतं. म्हणून तुमचं नाव लेखकांमध्ये घालायचं मी मार्गदर्शकांशी बोलून ठरवलं आहे आणि त्यांनी लगेच होकार दिला. मसुदा त्याच पाकिटात छापून ठेवला आहे. उपकरणांबद्दलचा भाग वाचून काही चुकलं असेल तर पेन्सिलने खुणा करून पाठवा. आणि तुमचं नाव कसं छापायचं, वडिलांच्या नावासकट की नुसतं नाव-आडनाव, तेवढं कळवा. नको म्हणून कळवलंत तर मी थेट कुडाळला येऊन वहिनींकडून लिहून घेईन.

तुमची,
पुण्याची धाकटी बहीण