डायरीचे सेल मी आल्यावर बदलू

पुणे, मंगळवार

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

काल आई फोनवर म्हणाली, कपाटाचा खालचा खण आवरायला काढलाय, रविवारी भंगारवाला येतोय, जुने मोबाईल-चार्जर देऊन टाकू का? चार्जर खुशाल द्या. माझा तो काच तडकलेला नोकियाही द्या. पण बाबांची कॅसिओची डिजिटल डायरी आणि माझा पाम, म्हणजे तो पेनने लिहायचा खिशातला छोटा कॉम्प्युटर, या दोन वस्तूंना कुणी हात लावायचा नाही. बाबांना फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून पत्र लिहायला बसले. आई, त्यांना सावकाश वाचून दाखव.

बाबा, ती डायरी मामाने मुंबईहून आणली तेव्हा मी चौथीत होते. तोवर सुताच्या पेढीवर तुमची लाल कापडी वही असायची. तुम्ही महिनाभर रोज रात्री जेवणं झाली की वहीतलं एकेक नाव डायरीत भरत होतात. मी शेजारी बसून नंबर वाचायचे आणि तुम्ही एका बोटाने बटण शोधायचात. साखर पेठेतले, अशोक चौकाकडचे कारखानदार, रंगारी, टेम्पोवाले, सगळे त्या चार ओळींच्या पडद्यात गेले. तेलुगू नावं इंग्रजीत कशी लिहायची यावर तुम्ही थांबून विचार करायचात. नाव चुकलं तर माणसाचा अपमान होतो, असं म्हणायचात.

डायरी खिशात मावेना तेव्हा तुम्ही बाळीवेशीतल्या शिंप्याकडून सगळ्या शर्टांचे खिसे अर्धा इंच रुंद करून घेतलेत. पुढे पामची गोष्ट वाचताना मला तुमचे ते शर्ट आठवले. पामचा पहिला पायलट 1996 मध्ये बाजारात आला. त्याआधी तो बनवणारे जेफ हॉकिन्स शर्टाच्या खिशात बसेल एवढा लाकडाचा ठोकळा कापून सोबत बाळगत. कुणी भेटीची वेळ मागितली की ठोकळा बाहेर काढायचा आणि त्यावर लिहिल्यासारखं करायचं, म्हणजे असं यंत्र रोज खरंच वापरलं जाईल का ते कळेल. त्यांनी खिशाच्या मापाचं यंत्र केलं, तुम्ही यंत्राच्या मापाचा खिसा शिवून घेतलात.

पहिली नोकरी लागल्यावर मी पाम एम100 घेतला. राखाडी पडदा, दोन बारीक पेन्सिल सेल, 2 एमबी मेमरी. पडद्याखाली लिहायची चौकट असायची, डावीकडे अक्षरं, उजवीकडे आकडे. त्या लिपीचं नाव ग्राफिटी. जवळजवळ प्रत्येक अक्षर पेन न उचलता एका फटक्यात काढायचं. देवनागरी नव्हती, म्हणून मराठी रोमनमध्ये. आई, मी पहिला शब्द तुझाच लिहिला. ग्राफिटीतला ए म्हणजे नुसता डोंगर, मधली आडवी दांडी नाही. दोन डोंगर आणि एक उभी रेघ, झाली आई. तू इतकी वर्षं शाळेत मुलांची अक्षरं तपासलेली, तू चष्मा लावून बघितलंस आणि विचारलंस, "ए ची दांडी कुठे गेली?" मग पेन माझ्या हातून घेतलंस. दोन दिवसांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर दूधवाल्याच्या हिशोबात तू बिनदांडीचा ए काढलेला मी पाहिला होता.

आता जे सांगायचंय ते इतकी वर्षं नीट सांगितलेलं नाही. सोलापूरला गड्ड्याच्या जत्रेला आले होते त्या वर्षी आजीने दोन संध्याकाळी मला इंग्रजांनी सोलापुरात लावलेल्या 1930 च्या मार्शल लॉबद्दल सांगितलं. ती तेव्हा पाच-सहा वर्षांची. मी सगळं पाममध्ये टिपून घेतलं, तिच्याच शब्दांत. बाबा, तुम्ही म्हणालात, कागदावर उतरवून ठेव. मी म्हटलं, पुण्याला जाऊन केबल लावली की कॉम्प्युटरवर उतरतंच. पुण्याला आले, ऑफिसात काम पडलं, पाम बॅगेतच राहिला. सेल पूर्ण उतरले की एम100 मधलं सगळं पुसलं जायचं, आणि तसंच झालं. नवे सेल घातले तेव्हा तो पहिल्या दिवसासारखा कोरा, पडद्यावर कुठे टेकवायचं ते शिकवायला लागला. चैत्रात आजी गेली. मला आता तुकडेच आठवतात. दाराला आतून टेकवलेला पाटा. रात्री रस्त्यावरून जाणारे बुटांचे आवाज. पणजीने तिच्या तोंडावर धरलेला हात. मधलं सगळं गेलं. तुम्ही मला त्यावरून एक शब्द बोलला नाहीत, आणि मला ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं होतं.

त्यानंतर किती फोन आले आणि गेले. 2007 मध्ये आयफोन आला, मग अँड्रॉइड, आता माझ्या फोनमध्ये हजारो फोटो आहेत. ते सगळे मी आजीच्या त्या दोन संध्याकाळींसाठी देऊन टाकीन.

म्हणून डायरीचं नीट ऐका. आई म्हणाली, पडद्यावरचे आकडे फिकट झालेत. बाबा दर दिवाळीला सेल बदलायचे, यंदा मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे राहिलं. डायरीत चालवायचे सेल वेगळे आणि मेमरी राखणारा बॅकअपचा सेल वेगळा. दोन्ही एकदम निघाले की आत काही उरत नाही. त्यामुळे मागचं झाकण उघडू नका, शेजारच्या मुलाला उघडू देऊ नका, उगाच चालू-बंदही करू नका.

मी शनिवारी हुतात्मा एक्स्प्रेसने येते. सेल घेऊन येते आणि दोनशे पानी वहीही आणते. सेल बदलायच्या आधीच सगळं उतरवून घेऊ. ते सहा आकडी नंबर, पुढे 2 लागायच्या आधीचे, आता कुठेच लागणार नाहीत, तरी नंबरासकट हवेत. या वेळी बाबांनी वाचायचं आणि मी लिहायचं. दिसायला त्रास झाला तर मी भिंग धरीन. नाव आलं की त्या माणसाचं जे आठवेल तेही सांगा, मी समोर लिहीत जाईन. डायरीतल्या सीक्रेटमधली, म्हणजे पासवर्डच्या कप्प्यातली, उधारीची यादी बाबांना हवी असेल तरच उघडू. पासवर्ड त्यांनी मला कधी सांगितला नाही, तो त्यांनीच टाकायचा. मी तेवढा वेळ स्वयंपाकघरात आईबरोबर शेंगाचटणी कुटत बसेन.

तुमची,
वैजू