ठमीचं पथ्य

पुणे, गुरुवार

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

शनिवारी तू घरी पोचशील तेव्हा आम्ही दोघं मिरजेच्या वाटेवर असू. आत्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन सोमवारी आहे, बुधवारी रात्री परत येऊ. आपल्या ठमी मांजरीला सकाळी सहाचं जेवण देऊनच निघतो, दहाचं तू द्यायचंस. वेळापत्रक फ्रिजच्या दारावर लावलंय. त्यात जे बसलं नाही ते इथे लिहितो. व्हॉट्सअ‍ॅपवर तुकड्यातुकड्यांनी पाठवलेलं ऐनवेळी सापडत नाही.

आधी तुझ्या परवाच्या बोलण्याबद्दल. व्हिडिओ कॉलवर ठमीच्या मानेतली जेवण भरवायची नळी बघून तू म्हणालीस, ‘बाबा, तिला खायचं नाहीये ना, मग कशाला छळता?’ तेव्हा शेजारी आई होती, म्हणून मी बोललो नाही. आता सांगतो.

माणूस चार दिवस जेवला नाही तरी निभावून नेतो. मांजराला ते सोसत नाही, आणि ठमीसारख्या गलेलठ्ठ मांजराला तर मुळीच नाही. खालच्या फ्लॅटमध्ये फरशा फोडायचं काम निघालं, ही माळ्यावर जाऊन बसली आणि खाणं सुटलं. पोटात अन्न नाही म्हटल्यावर शरीराने अंगावरची चरबी सोडली, ती सगळी लिव्हरकडे गेली. मांजराच्या लिव्हरला एवढी चरबी एकदम निस्तरता येत नाही. ती पेशींमध्येच साठत जाते, पित्त आतल्या आत तुंबतं, कावीळ होते. काविळीने मळमळतं, मळमळीमुळे ती आणखी खात नाही, आणि चरबी पुन्हा लिव्हरकडे. डॉक्टर याला हेपॅटिक लिपिडोसिस म्हणतात. सोनोग्राफीत लिव्हर पांढरट दिसलं, आणि सुईने पेशी काढून पाहिल्या तर त्या चरबीच्या थेंबांनी भरलेल्या. (सुई टोचण्याआधी व्हिटॅमिन के दिलं होतं, असं लिव्हर असलं की रक्त गोठायला वेळ लागू शकतो.) सोबत स्वादुपिंडालाही सूज निघाली. या आजाराच्या मागे असं दुसरं काहीतरी बरेचदा असतंच म्हणे.

तेव्हा तिला खायचं नाहीये असं नव्हे, तिला मळमळतंय. आणि भूक लागेपर्यंत वाट बघितली तर भूक लागायला ती उरणार नाही. उपासाने वाढलेला आजार आहे, तो अन्नानेच उतरतो. वेळेत आणि पुरेसं पोटात गेलं तर बहुतेक मांजरं पूर्ण बरी होतात, लिव्हरवर मागे डागही राहत नाही. तोंडात सिरिंज खुपसून भरवणं हा खरा छळ. त्यात अन्न श्वासनलिकेत जाण्याची भीती, आणि त्या खाण्याचा वास आला तरी ती पुढे कायमची तोंड फिरवेल. नळीने तिला काही कळतही नाही. सकाळचं जेवण चालू असताना ती खिडकीतून कबुतरं बघत असते.

आता पथ्य. आपल्या घरात कावीळ म्हटलं की आजीचं पथ्य आठवतं: तेल-तूप बंद, डाळ बंद, उसाचा रस, साळीच्या लाह्या, ताकभात. काका त्या पथ्यामुळे बरा झाला की पथ्य असूनही, हा प्रश्न आजीसमोर काढायची कुणाची छाती नव्हती. ठमीच्या बाबतीत मात्र ते सगळं उलटं आहे. मांजर पक्कं मांसाहारी. प्रथिनं कमी मिळाली तर आपलं शरीर त्यांची उधळपट्टी थांबवतं, मांजराला ते जमत नाही. अन्नातून मिळाली नाहीत तर ते स्वतःचे स्नायू जाळतं. १९७८ साली कॅलिफोर्नियात मॉरिस आणि रॉजर्स यांनी मांजरांना आर्जिनिन हे एकच अमिनो आम्ल (प्रथिनांचा एक घटक) नसलेलं जेवण दिलं, तर एकाच जेवणानंतर काही तासांत रक्तातला विषारी अमोनिया चढून ती आजारी पडली. टॉरिन हे असंच आणखी एक आम्ल, तेही त्यांना अन्नातूनच लागतं. म्हणून ‘लिव्हर बिघडलंय, हलकं द्या’ हे इथे चालत नाही. अमोनिया डोक्यात चढल्याची लक्षणं दिसली तरच प्रथिनं कमी करायची, तीही डॉक्टरांनी सांगितली तर.

वरच्या मजल्यावरच्या काकू दूधभात घेऊन येतील. वाटी हसून घे, आणि तू खा. ग्लुकोजचं पाणीही सुचवतील. साखरेने लिव्हरमधली चरबी वाढायला मदतच होते, पण हे त्यांना समजावत बसू नकोस, ‘डॉक्टरांनी नको सांगितलंय’ एवढं पुरतं.

किती द्यायचं त्याचा हिशोब असा. वजनाचा घन कर, त्याचं वर्गमूळ, पुन्हा वर्गमूळ, आणि ७० ने गुण. ठमी आता पाच किलोची आहे, म्हणजे रोजच्या साधारण २३५ कॅलरी. (तुझ्या दहावीच्या गणिताचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.) सुरुवातीला याच्या पाव भागच देत होतो. उपाशी शरीराला एकदम भरपेट दिलं तर रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम धाडकन उतरतं, जिवावर बेततं. तो टप्पा मागे पडला. आता दिवसाला पाच जेवणं, प्रत्येक वेळी ४५ ते ५० मिली. यापेक्षा जास्त एका वेळी नको, उलटी होईल.

डब्यातलं रिकव्हरी फूड कोमट पाण्यात मिक्सरमधून काढून गाळून ठेवलेलं असेल, फ्रिजमध्ये वरच्या कप्प्यात. चहाच्या गाळणीने पुन्हा एकदा गाळ. एक कण नळीत अडकला तर अर्धा तास जातो. गरम पाण्याच्या भांड्यात सिरिंज उभी ठेवून कोमट कर. मायक्रोवेव्ह नको, मध्येच एखादा भाग चटका लागेल इतका तापतो. मनगटावर थेंब टाकून बघ. मळमळीची गोळी अर्धा तास आधी, बारीक पूड करून पाण्यात विरघळवून नळीतूनच.

ठमीला पोटावर बसव, डोकं वर. आधी पाच मिली कोमट पाणी सोड. खोकली तर थांब, काहीही पुढे ढकलू नकोस, फोन कर. नाही खोकली तर अन्न अगदी सावकाश, पंधरा-वीस मिनिटं लाव. ती ओठ चाटायला लागली, सारखं गिळायला लागली की मळमळतंय समज आणि दोन मिनिटं थांब. शेवटी दहा मिली पाणी, आणि टोपण. पाणी विसरलीस तर अन्न आत वाळून बसतं. बसलंच तर कोमट पाणी हळूहळू आत-बाहेर कर, तार किंवा काडी घालू नकोस.

मानेची पट्टी रोज सकाळी सोडून बघायची. भोकाभोवती थोडी ओल चालेल, पू किंवा लाली नाही. बांधताना पट्टीखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. नळी निघून आली तर परत आत घालायचा प्रयत्न नको. उलटीबरोबर नळीचं टोक तोंडातून दिसलं तरी तेच: जेवण बंद, थेट दवाखाना.

कावीळ ट्यूबलाइटमध्ये कळत नाही. बाल्कनीत नेऊन कानाच्या आतली कातडी आणि हिरड्या बघ. आता हळदीचा पिवळेपणा जाऊन फिकट राहिलाय. पहिल्या दहा दिवसांत रक्तातलं बिलिरुबिन (काविळीचं पिवळं द्रव्य) निम्म्याहून खाली आलं, ही सगळ्यात चांगली खूण असं डॉक्टर म्हणाले. उलट अचानक लाळ गळायला लागली, चालताना झोकांड्या गेल्या, भिंतीला डोकं लावून उभी राहिली किंवा मान खाली लोंबली, तर रात्र असो की दिवस, वाट बघू नकोस. नंबर फ्रिजवर आहे. आम्हाला नंतर फोन कर, आधी त्यांना.

आणखी एक, हे तुला आवडेल. दिवसातून एकदा वाफवलेली मांदेली, मीठ-कांदा-लसूण काही न घालता, बशीत ठेव. आग्रह नाही, लाडीगोडी नाही, दहा मिनिटांनी बशी उचल. काल तिने वास घेतला आणि एक तुकडा बशीबाहेर ओढला. खाल्ला नाही, पण आईने लगेच मावशीला फोन केला. खाल्ला तरी नळीचं जेवण कमी करायचं नाही. नळीशिवाय एक-दोन आठवडे पोटभर खाऊन वजन टिकलं, की मग नळी काढतील. त्याला भूल लागत नाही, टाका कापून ओढून घेतात, भोक आपोआप बुजतं.

तिला बंगळुरूला घेऊन जायचं तुझ्या मनात आहे, आईला बोललीस ते मला कळलं. नळी निघेपर्यंत माझा स्पष्ट नकार आहे. नवं घर, नवे आवाज, पुन्हा माळा शोधायचा. नंतर बघू. आणि तेव्हाही ‘बारीक करू या हिला’ म्हणून एकदम खाणं तोडायचं नाही. आठवड्याला वजनाच्या एक-दोन टक्क्यांहून जास्त उतरता कामा नये, नाहीतर पुन्हा हेच.

तुझ्यासाठी आमटी आणि कोबीची भाजी फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात आहे. वरच्या कप्प्यातलं तुझं नाही.

तुझा,
बाबा

ता. क. प्रवासाने डोकं दुखलं तर क्रोसिन आईच्या कपाटात आहे, पण गोळी ओट्यावर ठेवू नकोस आणि जमिनीवर पडली तर शोधून उचल. मांजराच्या लिव्हरला क्रोसिनमधलं पॅरासिटामॉल निकामी करता येत नाही. एक गोळी धडधाकट मांजराचाही जीव घेते.