बाबा, वहीत एक रकाना वाढवा

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "चारच?" आणि मी "हो, पण जिंकल्या ना!" एवढं म्हणून विषय बदलला. फोन ठेवल्यावर मात्र ते मनाला लागून राहिलं. बाबांच्या आवाजात काळजी होती, ती मला ऐकू आली. मी पाठवलेला नातीच्या बास्केटबॉल मॅचचा व्हिडिओ तुम्ही दोघांनी सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघितलात. बाबांनी नेहमीसारखी वही घेऊन प्रत्येक मुलीपुढे पॉइंट लिहिले. त्या उंच सेंटरच्या, म्हणजे रिंगजवळ खेळणाऱ्या मुलीच्या पुढे १६ आले आणि आपल्या पोरीपुढे ४. मग आईने हळूच विचारलं, "बाकीच्या तिला बॉल देत नाहीत का गं?"

आई, बॉल सगळ्यात जास्त वेळ तिच्याच हातात असतो. ते कसं, हे फोनवर नीट सांगता येईना, म्हणून पत्र लिहायला बसले.

तुमची नात पॉइंट गार्ड आहे, म्हणजे बॉल पुढे नेऊन टीमचा खेळ चालवणारी. कोर्ट २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद. आपल्या बाजूला बॉल मिळाला की ८ सेकंदांत मधली रेषा ओलांडायची आणि एकूण २४ सेकंदांत शॉट मारायचा. २४ सेकंद म्हणजे किती, ते एकदा घड्याळ लावून बघा. पाच-सहा सेकंद बॉल पुढे नेण्यात जातात, तीन-चार सगळ्या आपापल्या जागी पोचेपर्यंत जातात, आणि शेवटच्या पाच सेकंदांत जे होतं ते घाईचंच असतं. मधे उरतात दहाएक सेकंद. तेवढ्यात कोणाला बॉल द्यायचा, कुठल्या बाजूने, आत्ता की एका पावलानंतर, हे ती ठरवते. समोर तिचा बॉल हिसकावायला एक मुलगी टपलेली असताना ठरवते.

हे तिला आपोआप आलेलं नाही, म्हणून थोडं मागचं सांगते.

अकरा वर्षांची असताना ती टीममधली सगळ्यात बुटकी होती. बॉल सांभाळायला बरी, म्हणून तिला या जागेवर उभं केलं. तेव्हा ती फक्त उजव्या हाताने ड्रिबल करायची, म्हणजे बॉल जमिनीवर आपटत न्यायची, आणि तेही बॉलकडे बघत. पहिल्याच मोठ्या मॅचमध्ये समोरच्या टीमला हे पाच मिनिटांत कळलं. त्यांच्या मुलीने तिची उजवी बाजू अडवून धरली आणि हिला डावीकडे जाताच येईना. अर्ध्या मॅचमध्ये सात वेळा बॉल गेला. कोचने तिला बाहेर काढलं, तेव्हा ती बेंचच्या अगदी टोकाला जाऊन बसली आणि टॉवेल तोंडावरून काढेचना. त्या दिवशी मी तुम्हाला फोनवर "मॅच हरल्या" एवढंच सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून डावा हात सुरू झाला. कोच समोर उभ्या राहून बोटं दाखवायच्या आणि हिने डाव्या हाताने ड्रिबल करत आकडा ओरडून सांगायचा. आकडा चुकला तरी चालेल, मान खाली गेली की पुन्हा पहिल्यापासून. ते जमायला लागलं तसं उजव्या हाताने टेनिस बॉल उडवून झेलायचा आणि डाव्याने ड्रिबल चालूच ठेवायचा. बॉल पायावर आपटून लांब जायचा, ही धावत जाऊन आणायची, परत उभी राहायची.

आई, तू टायपिंग शिकत होतीस तेव्हाची गोष्ट तूच सांगितली आहेस. बाई बोटांवर फडकं टाकायच्या. बघून टाइप करणाऱ्या मुली पहिले पंधरा दिवस तुझ्या पुढे होत्या आणि नंतर तिथेच राहिल्या. हे तसंच आहे. बॉल कुठे आहे हे हाताला कळायला लागलं की डोळे मोकळे होतात, आणि पॉइंट गार्डचं सगळं काम डोळ्यांचं. मी तिला तुझी ती फडक्याची गोष्ट सांगितली होती. "आजीला न बघता किती स्पीड होता?" असं तिने विचारलं. मला आकडा सांगता आला नाही, तो तू कळव.

तेराव्या वर्षी ती एकदम ताडमाड वाढली. सहा महिन्यांत ७ सेंटिमीटर. आम्हाला आनंद झाला, पण तिचा खेळ बिघडला. नेहमीचा शॉट रिंगपर्यंत पोचेना, पाय एकमेकांत अडकायचे, आणि मग गुडघे दुखायला लागले. आई, तू तेव्हा दर फोनला गुडघ्यांचं विचारायचीस. त्याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात. वाढीच्या वयात उड्या मारणाऱ्या, पळणाऱ्या मुलांना हे बऱ्याचदा होतं. हाड भराभर वाढतं, मांडीचा स्नायू मागे राहतो, आणि गुडघ्याच्या खाली तो जिथे नडगीला धरून असतो त्या जागी ताण येऊन सूज येते. वाढ पुरी झाली की बहुतेकांचं दुखणं जातं. डॉक्टरांनी सहा आठवडे उड्या बंद केल्या. आता बरी आहे. मॅचनंतर कधी बर्फ लावते, त्यावरून काळजी करू नकोस.

त्या सहा आठवड्यांबद्दल मात्र मला लिहायचंच आहे, कारण तुम्ही आज जी खेळाडू बघता ती मला वाटतं तिथेच घडली. कोचने तिला घरी बसू दिलं नाही. रोज बेंचवर स्वतःच्या शेजारी बसवायच्या आणि सांगायच्या, "पुढचा पास कुठे जाणार ते आधी बोल." सुरुवातीला ती बॉल जिच्या हातात आहे तिच्याकडेच बघून अंदाज बांधायची आणि चुकायची. हळूहळू तिची नजर बॉलवरून सुटली. ती दुसऱ्याच मुलींकडे बघायला लागली. कोण बॉलकडे टक लावून बसलीय आणि आपण अडवायची मुलगी विसरलीय. कोण दमून कमरेवर हात ठेवून उभी आहे. कोणाची पावलं चुकीच्या दिशेला वळलीत. शेवटच्या आठवड्यात मी पाठीमागे बसून ऐकत होते. ती पुटपुटत होती, "कोपऱ्यात... कोपऱ्यात... आता!" आणि कोर्टावरच्या मुलीला तो पास दिसलाच नाही. ही जागेवर बसल्या बसल्या हात पुढे करून राहिली होती.

बाबा, आता व्हिडिओतली एक गोष्ट बारकाईने सांगते. मॅचमध्ये हे वीस-पंचवीस वेळा होतं. आपली सेंटर वर येते आणि हिच्यावर असलेल्या, म्हणजे हिला अडवणाऱ्या मुलीच्या वाटेत भिंतीसारखी उभी राहते. ही स्क्रीन. नात तिच्या खांद्याला खांदा घासून जाते, इतकी जवळून की मधून कोणी शिरू नये. तिच्यावरची मुलगी स्क्रीनला अडकते आणि क्षणभर मागे पडते. सेंटर लगेच वळून रिंगकडे धावते. याला पिक अँड रोल म्हणतात. आता समोर एकच मोठी मुलगी आहे आणि तिला दोघींना अडवायचं आहे. इथे बहुतेक मुली सुसाट सुटतात. आपली पोर थांबते. वेग निम्मा करते, मागून येणारीला आपल्या पाठीवरच अडकवून ठेवते आणि समोरच्या मोठ्या मुलीला आधी ठरवायला लावते. ती हिच्याकडे एक पाऊल आली की बाउन्स पास, म्हणजे जमिनीवर एकदा आपटून दिलेला पास, सेंटरला जातो. ती मागे राहिली तर ही स्वतः आत शिरते. कोपऱ्यातली मुलगी मदतीला धावली तर बॉल तिने सोडलेल्या कोपऱ्यात.

सगळे म्हणतात पोरगी वेगवान आहे. तसं बघितलं तर पळण्यात टीममध्ये तिच्यापुढे तिघी तरी आहेत. तिला थांबता येतं, आणि थांबलेल्या ठिकाणाहून एकदम सुटता येतं. मला तिच्या खेळात सर्वात जास्त हेच आवडतं. तो अर्धा क्षण थांबते ना, तेव्हा माझा श्वास अडकतो.

उंचीचंही तुम्ही विचारलं होतंत. मगसी बोग्ज नावाचा खेळाडू १.६० मीटर उंचीचा होता आणि एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, १४ सीझन खेळला. आकड्यांचं वेड तुम्हाला आहेच, म्हणून आणखी एक. जॉन स्टॉकटन १९ सीझन एकाच टीमकडून खेळला आणि त्याच्या नावावर १५,८०६ असिस्ट आहेत. असिस्ट म्हणजे ज्या पासवरून थेट बास्केट झाली तो पास. इतके असिस्ट आजवर दुसऱ्या कोणाचेच नाहीत. आपल्या पोरीची लाडकी मात्र सू बर्ड. तिची ऑलिंपिकची पाच सुवर्णपदकं आहेत, डब्ल्यूएनबीएमध्ये, म्हणजे तिथल्याच महिलांच्या लीगमध्ये, ३,२३४ असिस्ट आहेत, आणि नातीच्या कपाटाच्या दाराला आतून तिचा फोटो आहे.

आणि मुळात हा खेळ पासचाच. १८९१ मध्ये नेस्मिथ यांनी तो सुरू केला तेव्हा बॉल घेऊन पळायची परवानगीच नव्हती. जिथे झेलला तिथूनच टाकायचा. ड्रिबल नंतर आलं.

पण बाबा, तुमचं अर्धं बरोबर आहे, हेही मी मनापासून लिहिते. तिने शॉट मारायला हवेत. ती मारत नाही हे आता समोरच्या टीमांना कळायला लागलंय. स्क्रीन लागली की तिच्यावरची मुलगी झटापट न करता खालून, रिंगच्या बाजूने वळसा घालून जाते आणि वाटेतच उभी राहते. म्हणजे "मार, तुला मोकळं सोडलंय." मग पास द्यायच्या वाटाही बंद होतात, कारण तिची कोणाला भीतीच उरत नाही. चार पॉइंट बघून तुम्हाला जे खटकलं तेच कोचनाही खटकतं, कारण वेगळं असेल. सध्या ती सरावानंतर तीन-पॉइंटच्या रेषेवरून रोज शंभर शॉट मारते. ६.७५ मीटर अंतर आहे. पाय वाढल्यावर शॉटची सगळी घडीच बदलावी लागली, त्यामुळे अजून हात बसलेला नाही. आत शिरल्यावर उंच मुलींच्या हातांवरून हळूच सोडायचा फ्लोटरही चालू आहे. तो उजव्या हाताने छान पडतो. डाव्याने अजून नाही.

दुसरं म्हणजे आवाज. पॉइंट गार्डने बोलावं लागतं. कोणी कुठे उभं राहायचं, काय खेळायचं, चुकलेल्या मुलीला काय सांगायचं. आपली पोर घरात किती हळू बोलते ते तुम्हाला माहीत आहे. मागच्या वर्षीपर्यंत ती नुसती बोटं दाखवायची. या मॅचमध्ये तिसऱ्या क्वार्टरला तिचा आवाज व्हिडिओत स्पष्ट ऐकू येतो. बाबा, कानातलं मशीन लावून ऐका.

आता एक प्रसंग, मग थांबते. चौथ्या क्वार्टरमध्ये, साधारण चार मिनिटं उरलेली असताना, डाव्या कोपऱ्यात एक बारीकशी मुलगी उभी आहे. केसांना पिवळा बँड. तिचे त्याआधी तीन शॉट हुकले होते आणि ती बॉल नको असल्यासारखी मागे सरकत होती. नात स्क्रीनवरून आत शिरते, तिघी तिच्यावर धावतात, आणि ती न बघता पास त्याच मुलीला देते. मी तिला नंतर विचारलं, जी सारखी हुकवतेय तिलाच का? ती म्हणाली, "आधीचे तिन्ही पास मी खाली दिले होते. ती वाकून उचलायची आणि घाईने मारायची. या वेळी छातीशी दिला." पुन्हा लावून बघा. बॉल अगदी त्या मुलीच्या हातात, शॉट मारायच्या जागी येऊन बसतो. तिला फक्त हात वर न्यावे लागतात. तीन पॉइंट. नात तोवर डिफेन्ससाठी मागे पळत सुटलेली असते, शॉट पडला की नाही हे बघायलाही थांबत नाही.

बाबा, वहीत एक रकाना वाढवा आणि ही मॅच परत एकदा लिहा. तिच्या पासवरून झालेल्या बास्केट मी मोजल्या, नऊ झाल्या. त्यातल्या दोन तीन-पॉइंटच्या. म्हणजे टीमच्या ५२ पैकी २४ पॉइंटांना तिचा हात लागलेला, तिचे चार धरून. पण ती स्वतः आठच म्हणते. दुसऱ्या क्वार्टरमधला सेंटरला दिलेला पास ती धरत नाही, कारण बॉल मिळाल्यावर सेंटरने दोन ड्रिबल घेतले, समोरच्या मुलीला स्वतः चुकवलं आणि मग बास्केट केली. "ते तिचं आहे, माझं नाही," म्हणते. आमचं यावरून दोन दिवस वाजतंय. तुम्ही बघा आणि आठ की नऊ ते रविवारी फोनवर तिलाच सांगा. आजोबांच्या फोनची ती वाट बघतेय.

तुमची,
लेक