मेडिक्लेम आहे का विचारलंत, रेशनकार्ड आहे का हे कुणीच विचारलं नाही

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस सादर नमस्कार.

साहेब, मी हर्णैची, तालुका दापोली. आमचे मिस्टर तांडेल, बोटीचे प्रमुख, म्हणजे आता होते म्हणायचं कारण डॉक्टरनी बोटीवर जायचं नाही म्हणून सांगितलंय. गेल्या महिन्यात पहाटे जाळं ओढताना छातीत दुखायला लागलं, पित्त असेल म्हणून सोडा पिऊन तसेच बंदरात आले. दापोलीला ईसीजी काढला, पुढे हलवा म्हणाले. मुलगा मुंबईत म्हणून मुंबईची वाट धरली. माणगावला ट्रॅफिकमध्ये दीड तास गाडी हलली नाही, त्यांचा हात माझ्या हातात, घामाने थंडगार पडलेला.

हॉस्पिटलच्या काउंटरवर मुलीने विचारलं, मेडिक्लेम आहे का? मी म्हटलं नाही. खरं तेच सांगितलं ना, आम्ही कधी मेडिक्लेम काढलाच नव्हता! अँजिओप्लास्टी झाली, दोन लाख दहा हजार भरले. तिसऱ्या दिवशी लिफ्टच्या मागे एक टेबल दिसलं, वर पाटी आरोग्यमित्र, म्हणजे सरकारी योजनेसाठी मदत करणारा माणूस, खुर्ची रिकामी. संध्याकाळी माणूस भेटला तर म्हणतो ताई हे महात्मा फुले योजनेत फुकट झालं असतं, पण ॲडमिट करतानाच नोंद करायला हवी होती, आता काही होणार नाही.

योजनेचं कार्ड आमच्याकडे होतं साहेब. शाळेत कॅम्प लागला तेव्हा अंगठा, ओटीपी, फोटो सगळं दिलं. कार्ड हातात देऊन जपून ठेवा म्हणाले, मी जपून ठेवलं, पत्र्याच्या पेटीत पाटल्यांच्या डबीखाली. पैसे भरायला पाटल्या मोडायच्या ठरल्या तेव्हा जावेने पेटी उघडली, डबी उचलली आणि कार्ड तिथंच ठेवून पेटी लावली. तिची काय चूक? महात्मा फुले योजना म्हणजेच विमा, आणि तो मुंबईच्या प्रायव्हेट हॉस्पिटलातही चालतो, हे आमच्या वाडीत एकाही माणसाला माहीत नव्हतं.

सरकारने १ जुलै २०२४ पासून योजनेतलं विमा संरक्षण दीड लाखाचं पाच लाख केलं, पिवळं केशरी पांढरं, सगळ्या रेशनकार्डांना लागू केलं. मोठं काम आहे, नाही म्हणत नाही. पण इमर्जन्सीत फोनवरून मंजुरी मिळते, कागद मागाहून दिले तरी चालतात, १५५३८८ ला फोन करून यादीतलं हॉस्पिटल विचारता येतं, हे मला कधी कळलं? पाटल्या गेल्यावर.

आणि लोक स्वतः विमा काढत नाहीत म्हणून आम्हाला अडाणी ठरवू नका. वर्ष सरलं की पैसे परत मिळत नाहीत, मग तो बुडीत खर्च वाटतो. म्हातारी माणसं म्हणतात विमा काढला की आजार मागे लागतो. त्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, हप्ता नेमका तेव्हा आला की पॉलिसी गेली. आधीपासून बीपी शुगर असेल तर तीन वर्षांपर्यंत थांबा, हे इंग्रजी कागदात कुठेतरी बारीक अक्षरात, एजंट तोंडाने सांगत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी काढला तेही आमच्यापर्यंत कुणी आणून सांगितलं नाही, समजावायला माणूसच नाही तर स्वस्त करून काय उपयोग.

मतदानाच्या आधी रिक्षाला भोंगा लावून प्रत्येक पाखाडीत फिरता येतं मग या योजनेसाठी का नाही फिरत? मुंबई-गोवा हायवेचं काम २०११ पासून चाललंय, अजून पुरं नाही. कोकणातल्या माणसाने दुखणं घेऊन मुंबईला पळायचं आणि तिथे गेल्यावर योग्य शब्द उच्चारला नाही म्हणून कर्जात जायचं, हे किती पिढ्या चालणार? दलालाकडून उचल घेतलीय साहेब, ती फेडायला मुलगा नोकरी सोडून बोटीवर जातो म्हणतोय.

माझे पैसे परत द्या असं मी म्हणत नाही. काउंटरवर मेडिक्लेमच्या आधी रेशनकार्ड विचारायची सक्ती करा, आरोग्यमित्राचं टेबल दारात आणा. आणि आमच्या पुढच्या ग्रामसभेला मराठीत नीट बोलणारा एक माणूस पाठवा. बायका मी गोळा करते, सगळ्या आपापलं कार्ड घेऊन येतील.

आपली,
हर्णै बंदरावरची एक बाई