आई, हात बरा आहे

ती. आई-बाबांना नमस्कार,

पहिलं हेच, हात बरा आहे. नुसता मुरगळलाय, बोटं सगळी हलतात, ताईनं तुम्हाला फोटो दाखवायलाच नको होता. गोलकीपरला एवढं लागतंच. जेवण-खाण व्यवस्थित आहे.

बाबा, इथं ग्लासगोत नवीन माणूस भेटला की गाव कुठलं विचारायच्या आधी टीम विचारतात, सेल्टिक का रेंजर्स. आणि ते नुसतं फुटबॉलचं नाही, सेल्टिकचे हिरवे म्हणजे कॅथलिक, रेंजर्सचे निळे म्हणजे प्रोटेस्टंट असं शंभरच्या वर वर्षं चालत आलंय, त्यामुळं मॅचदिवशी मी हिरवा शर्ट घालत नाही, निळाही नाही, आईनं विणलेला आकाशी स्वेटरसुद्धा बॅगेतच ठेवतो, काही पबात तर टीमचे रंग घातले की आतच सोडत नाहीत. आपल्याकडं कोल्हापुरात पाटाकडील तालीम आणि शिवाजी मंडळाची मॅच असली की पेठेत काय वातावरण असतं, त्यात धर्म घातला की झालं इथलं.

मागच्या रविवारी एडिनबर्गला गाडी बदलून कार्डेंडनला गेलो होतो. पूर्वीचं कोळशाच्या खाणीचं गाव. सेल्टिकचा कीपर जॉन थॉमसन तिथं पुरलाय. स्वतः प्रोटेस्टंट, पण खेळला सेल्टिककडून. १४ व्या वर्षी खाणीत कामाला लागला, सेल्टिकनं १० पौंडांत घेतला, १८ व्या वर्षी पहिली मॅच, पुढं स्कॉटलंडकडून ४ मॅच. १९३० मध्ये जबडा आणि बरगड्या मोडल्या तेव्हा आई म्हणाली बाळा सोड हे, त्यानं ऐकलं नाही. ५ सप्टेंबर १९३१, आयब्रॉक्सवर, म्हणजे रेंजर्सच्या मैदानावर, त्यांच्या सॅम इंग्लिशच्या पायात बॉलसाठी झेपावला, डोकं त्याच्या गुडघ्यावर आदळलं, रात्री गेला. वय २२. मयताला ग्लासगोहून लोक ८० किलोमीटरच्या वर चालत आले. सॅमचा काही दोष नव्हता, थॉमसनच्या घरच्यांनीसुद्धा दिला नाही, तरी मैदानामैदानावर लोक त्याला डिवचत राहिले, शेवटी वर्षभरात तो लिव्हरपूलला निघून गेला. त्या सॅमचा विचार डोक्यातून जाईना.

आई, हे वाचून घाबरू नकोस, आमची पाच-पाच जणांची मॅच असते, एवढं जोरात कुणी येत नाही.

७० हजार पाठवलेत, हॉलचे राहिलेले त्यातनं द्या. रजा पाचच दिवस मिळतीय, लग्नाला नक्की येतो पण हळदीला पोचणार नाही बहुतेक, ताईला तू सांग, मला फोनवर बोलता येईना. इचलकरंजीच्या मुलीचा फोटो बघितला, मी नाही म्हणत नाहीये, आधी ताईचं होऊ दे. बाबांनी गोळ्या वेळेवर घ्यायच्या.

तुमचा,
बाळू